संगणक जुळणीतील दोषशोधन

संगणक जुळणीतील दोषशोधन : सुटे भाग स्वतंत्रपणे विकत घेऊन जुळविलेला मेजावरील संगणक पहिल्यांदा वीज देऊनही सुरू झाला नाही, तर त्याचे कारण क्रमवार शोधून काढण्याच्या रीतीस जुळणीतील दोषशोधन म्हणतात. ‘सुरू होत नाही’ या एकाच तक्रारीत तीन भिन्न अवस्था अंतर्भूत असतात : (१) बटण दाबल्यावर काहीही न घडणे, (२) पंखे क्षणभर फिरून थांबणे अथवा यंत्र पुनःपुन्हा सुरू-बंद होणे, आणि (३) पंखे व दिवे चालू राहणे, परंतु पडद्यावर चित्र न उमटणे. या तिन्ही अवस्थांची मुळे विजेच्या व संकेतांच्या मार्गातील वेगवेगळ्या टप्प्यांवर असल्याने प्रथम अवस्था निश्चित करणे हे दोषशोधनातील पहिले पाऊल होय.

वापरात असलेला संगणक बंद पडणे आणि नवा जुळविलेला संगणक सुरूच न होणे यांत महत्त्वाचा भेद आहे. पहिल्या प्रकारात सर्व जोडण्या बरोबर असल्याचे पूर्वीच्या वापराने सिद्ध झालेले असते. म्हणून एखादा भाग निकामी झाल्याचा संशय आधी घेतात. दुसऱ्या प्रकारात एकही जोडणी सिद्ध झालेली नसते. कारखान्यात तपासून आलेला भाग मुळातच सदोष असणे शक्य असले, तरी एखादी जोडणी राहून जाणे, अर्धवट बसणे किंवा चुकीच्या जागी होणे याचा संभव अधिक असतो. यामुळे नव्या जुळणीत भाग बदलण्यापूर्वी जोडण्या तपासतात. सुट्या भागांची दुकाने जवळ असलेल्या शहरात हा क्रम मोडला, तर थोडा वेळ व पैसा वाया जातो. परंतु हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार यासारख्या गावी, जेथे भाग बाहेरगावाहून मागवावे लागतात, तेथे चांगला भाग सदोष समजून परत पाठविल्यास अनेक दिवस यंत्र अडून राहते आणि खरा दोष तसाच राहतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : दोषशोधन ही संगणकविद्येइतकीच जुनी गरज आहे. अमेरिकेत १९४६ साली जाहीर झालेल्या एनिॲक या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या व त्यांपैकी एखादी वरचेवर निकामी होत असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला व १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणकही निर्वात नलिकांचाच होता. जवाहरलाल नेहरू यांनी १९६२ मध्ये त्याचे हे नामकरण केले. अशा यंत्रांची मंडले ज्यांनी रचली, तेच अभियंते ती दुरुस्त करीत. त्यामुळे विजेचा व संकेतांचा मार्ग त्यांना मुखोद्गत असे.

सामान्य ग्राहकाने स्वतः जुळणी करण्याची प्रथा १९७५ मध्ये अमेरिकेत ऑल्टेअर ८८०० या संचाने रूढ केली. त्यात सुटे घटक डाख देऊन फलकावर बसवावे लागत व सदोष डाख हे यंत्र न चालण्याचे एक मोठे कारण असे. आय. बी. एम. कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या वैयक्तिक संगणकाची रचना खुली असल्याने निरनिराळ्या उत्पादकांचे भाग एकत्र बसविणे शक्य झाले. इंटेल कंपनीने १९९५ मध्ये एटीएक्स हे मानक प्रसिद्ध केले. मदरबोर्डाचे आकारमान, स्क्रूंच्या जागा, वीजपुरवठ्याचे दाब आणि कनेक्टर या मानकाने ठरविले. आजचा जुळणीचा संगणक मुख्यतः याच मानकाच्या सुधारित आवृत्त्यांवर आधारलेला आहे. भारतात १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीवरील बंधने सैल केल्यानंतर जुळणीचा व्यवसाय वाढीस लागला. महाराष्ट्रात मुंबईतील लॅमिंग्टन रस्ता (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) ही इलेक्ट्रॉनीय भागांची बाजारपेठ त्याचे प्रमुख केंद्र बनली. २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस–सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणक केंद्रे तालुक्यांच्या व मोठ्या गावांपर्यंत पोहोचली आणि जुळणी व दुरुस्ती यांची गरजही त्यांच्याबरोबर तेथे गेली.

सुरू होण्याची प्रक्रिया : दोष कोठे आहे हे कळण्यासाठी निर्दोष यंत्र कसे सुरू होते, हे माहीत असावे लागते. भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ असा प्रत्यावर्ती असतो. एसएमपीएस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेटीत तो प्रथम एकदिश केला जातो. २३० व्होल्ट हे परिणामी मूल्य असून त्याचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते. आतील मोठी धारित्रे निदान या दाबापर्यंत भारित होतात. नंतर ट्रँझिस्टरांच्या साहाय्याने हा दाब सेकंदाला हजारो वेळा खंडित करून लहान रोहित्रातून नेतात व त्यापासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे एकदिश दाब मिळवितात. कंप्रता उच्च असल्याने रोहित्र लहान व हलके असले तरी चालते.

पेटीला वीज मिळताच मुख्य दाब लगेच उपलब्ध होत नाहीत. प्रथम ५ व्होल्टचा केवळ एक सज्जता-दाब निर्माण होतो व तो जांभळ्या तारेने मदरबोर्डास मिळतो. या अल्प शक्तीवर मदरबोर्डाचा एक लहान विभाग जागा राहून बटणाची वाट पाहतो. बटण दाबले म्हणजे दोन पिना क्षणभर जोडल्या जातात. त्याबरोबर मदरबोर्ड हिरव्या तारेवरील दाब शून्याजवळ आणतो आणि हा संकेत मिळताच एसएमपीएस मुख्य दाब सुरू करते. सर्व दाब मर्यादेत स्थिरावले की, ०.१ ते ०.५ सेकंदाच्या अवधीने करड्या तारेवरून ‘वीज ठीक’ असा संकेत जातो. तोपर्यंत प्रोसेसर रोखून धरलेला असतो. मदरबोर्डावरील दाबनियंत्रक मंडले १२ व्होल्टपासून प्रोसेसरला लागणारा सुमारे १ व्होल्टचा दाब तयार करतात. त्यानंतर प्रोसेसर एका ठराविक पत्त्यावरून पहिली आज्ञा उचलतो. ही आज्ञा बायोस या प्रारंभक कार्यक्रमाची असते. बायोस प्रोसेसर, रॅम व चित्रमंडल यांची क्रमाने स्वपरीक्षा घेतो आणि ती पार पडल्यावरच पडद्यावर अक्षरे उमटतात.

या साखळीवरून तिन्ही अवस्थांचा अर्थ स्पष्ट होतो. पहिल्या अवस्थेतील दोष भिंतीतील सॉकेटपासून बटणाच्या संकेतापर्यंत कोठेतरी असतो. दुसऱ्या अवस्थेत मुख्य दाब सुरू होतात, पण संरक्षक मंडल अथवा मदरबोर्ड ते बंद करते. तिसऱ्या अवस्थेत वीज पोहोचलेली असते, परंतु स्वपरीक्षा अडलेली असते.

पूर्वतयारी व दक्षता : कोणतीही जोडणी काढण्यापूर्वी किंवा बसविण्यापूर्वी भिंतीवरील खटका बंद करून वायर काढावी व बटण काही सेकंद दाबून धरावे. यामुळे मदरबोर्डावरील धारित्रांचा उरलेला विद्युत् भार निघून जातो. एसएमपीएसची पेटी मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. तिच्यातील धारित्रांवर वीज काढल्यानंतरही काही काळ प्राणघातक दाब राहू शकतो. दुसरा धोका माणसाकडून यंत्राला असतो. कोरड्या हवेत घर्षणाने शरीरावर हजारो व्होल्टचा स्थिर विद्युत् दाब निर्माण होतो. सुमारे ३,००० व्होल्टपेक्षा कमी दाबाचे विसर्जन माणसास जाणवतही नाही, तथापि चिपमधील अतिसूक्ष्म निरोधक थर त्याहून पुष्कळ कमी दाबाने फुटू शकतो. म्हणून भाग हाताळण्यापूर्वी रंग न दिलेल्या, भूयोजित धातूला स्पर्श करावा. भाग कडेने धरावेत आणि सतरंजीवर अथवा कृत्रिम धाग्याच्या कापडावर ठेवू नयेत. मदरबोर्ड ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतो, ते खोके बाहेर चाचणी घेण्यास सोयीचे असते.

पहिली अवस्था : बटण दाबूनही काहीच घडत नसल्यास तपासणी भिंतीपासून सुरू करतात. सॉकेटात टेस्टरचा दिवा लागला, तरी पुरवठा ठीक आहे असे सिद्ध होत नाही. कारण तटस्थ तार तुटलेली असतानाही टेस्टर उजळतो. त्याऐवजी त्याच सॉकेटावर विजेचा दिवा किंवा पंखा चालवून पाहावा. एसएमपीएसच्या मागील बाजूस स्वतंत्र खटका असतो. त्यावरील उभी रेघ चालू स्थिती व वर्तुळ बंद स्थिती दर्शविते. नव्या जुळणीत हा खटका बंद राहून जाणे, हा अत्यंत सामान्य व अत्यंत सहजसाध्य दोष आहे. काही जुन्या वा स्वस्त पेट्यांवर ११५ व २३० व्होल्ट यांची निवड करणारा लाल खटका आढळतो. भारतात तो २३० वरच असला पाहिजे. ११५ वर ठेवून वीज दिल्यास पेटी जळते.

यानंतर मदरबोर्डाकडे येणाऱ्या दोन जोडण्या पाहतात. एक २४ पिनांचा मुख्य कनेक्टर व दुसरा प्रोसेसरजवळील १२ व्होल्टचा ४ किंवा ८ पिनांचा कनेक्टर होय. मुख्य कनेक्टर बसविण्यास बराच जोर लागतो. त्याची कडी अडकल्याचा आवाज आला नाही, तर तो काही पिनांपुरताच जोडलेला असतो. प्रोसेसरचा कनेक्टर कॅबिनेटच्या कोपऱ्यात असल्याने विसरला जातो. चित्रकार्डासाठी असलेला ८ पिनांचा कनेक्टर बाहेरून त्याच्यासारखा दिसतो, पण त्यातील धन व ऋण पिनांची मांडणी वेगळी असते; तो प्रोसेसरच्या सॉकेटात बळाने बसवू नये. सुट्या होणाऱ्या वायरी एका उत्पादकाच्या पेटीच्या दुसऱ्या पेटीस लावू नयेत. मदरबोर्डाकडील टोक मानकानुसार असले, तरी पेटीकडील टोकाच्या मांडणीस असे मानक नाही व चुकीच्या वायरीने नवे भाग कायमचे निकामी होऊ शकतात.

बटणाची जोडणी हे तिसरे स्थान. कॅबिनेटच्या दर्शनी बाजूकडून येणाऱ्या बारीक वायरी मदरबोर्डाच्या एका कोपऱ्यातील पिनांवर बसवितात. त्यांपैकी बटणाच्या दोन पिनांना धन-ऋण असा भेद नसतो, दिव्यांच्या पिनांना असतो. एक घर चुकले तरी बटण निरुपयोगी होते. मदरबोर्डाच्या पुस्तिकेतील आकृती पाहून बटणाच्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्यास आणि यंत्र सुरू झाल्यास दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे, असे निश्चित होते.

हे सर्व ठीक असेल, तर मल्टिमीटरने सज्जता-दाब मोजतात. जांभळी तार व कोणतीही काळी तार यांच्यामध्ये ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दाब मिळाला पाहिजे. या एका मापनाने संपूर्ण साखळी मधोमध विभागली जाते : दाब मिळाला, तर भिंत, वायर व एसएमपीएसचा प्राथमिक विभाग निर्दोष ठरतात व लक्ष मदरबोर्डाकडे वळवावे लागते, दाब मिळाला नाही, तर २४ पिनांचा कनेक्टर काढून पुन्हा मोजावे. तरीही न मिळाल्यास दोष एसएमपीएसमध्ये किंवा तिच्या अलीकडे असतो. एसएमपीएसची स्वतंत्र चाचणी घेण्यासाठी ती सर्व भागांपासून अलग करून हिरवी तार व लगतची काळी तार (१६ व १७ क्रमांकांच्या पिना) धातूच्या तुकड्याने जोडतात. सर्व तारा एकाच रंगाच्या असल्यास पिना उत्पादकाच्या आकृतीवरूनच ओळखाव्यात. पंखा फिरला व १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळाले, तर पेटी निदान विनाभार अवस्थेत चालते असे म्हणता येते. काही पेट्यांचा पंखा तापमान वाढल्याशिवाय फिरत नाही. म्हणून केवळ पंख्यावरून निर्णय न घेता दाब मोजणे श्रेयस्कर.

दुसरी अवस्था : पंखे एकदा हलून थांबत असतील, तर बहुधा लघुमंडल (बोलीभाषेत शॉर्ट) झालेले असते. एसएमपीएसमधील संरक्षक मंडल अतिरिक्त प्रवाह ओळखून पुरवठा तोडते व मुख्य वीज बंद करून थोडा वेळ थांबल्याशिवाय अनेकदा पूर्वस्थितीस येत नाही. मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यापासून पितळी आधारांवर उचलून धरलेला असतो. फलकाच्या भोकाखाली नसलेल्या जागी जास्तीचा आधार राहून गेला असेल, तर तो फलकाच्या मागील सांध्यांना टेकतो. सांडलेला स्क्रू किंवा पत्र्याची वाकलेली जीभ यांनीही असेच घडते. मदरबोर्ड कॅबिनेटमधून काढून पुठ्ठ्यावर ठेवल्यावर यंत्र सुरू झाले, तर लघुमंडल कॅबिनेटमध्येच आहे हे सिद्ध होते.

यंत्र काही सेकंद चालून बंद होत असल्यास शीतकाची बैठक पाहावी. शीतकाच्या तळावरील संरक्षक प्लॅस्टिक पापुद्रा काढण्याचे राहिले असेल किंवा एका कोपऱ्याचा स्क्रू आवळलेला नसेल, तर प्रोसेसर त्वरित तापतो व स्वसंरक्षणार्थ यंत्र थांबवितो. प्रोसेसरच्या सॉकेटातील वाकलेल्या पिना हे आणखी एक कारण होय. इंटेलच्या २०२१ पासूनच्या एका प्रकारच्या सॉकेटात १,७००, तर एएमडीच्या २०२२ मधील सॉकेटात १,७१८ स्पर्शक पिना असून त्या बोटाच्या ओझरत्या स्पर्शानेही वाकतात. याच कारणाने केवळ संशयावरून प्रोसेसर काढून पुन्हा बसविणे टाळतात व ही तपासणी सर्वांत शेवटी ठेवतात.

तिसरी अवस्था : पंखे फिरत असून चित्र नसल्यास प्रथम पडद्याची वायर कोठे जोडली आहे ते पाहतात. स्वतंत्र चित्रकार्ड असताना वायर कार्डासच लावावी. काही प्रोसेसरांत चित्रमंडल नसते (उदा., इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाअखेर ‘एफ’ हे अक्षर असते ते), अशा वेळी मदरबोर्डाच्या छिद्रातून चित्र मिळणे अशक्य असते आणि स्वतंत्र कार्ड अनिवार्य ठरते.

यानंतरचे प्रमुख कारण रॅम होय. रॅमची पट्टी दोन्ही टोकांना समपातळीत दाबून कडी बसल्याचा आवाज यावा लागतो. डीडीआर४ व डीडीआर५ या दोन्ही प्रकारांत २८८ स्पर्शक असले, तरी त्यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात व एक प्रकार दुसऱ्याच्या जागी बसत नाही. चार जागा असलेल्या मदरबोर्डांत दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरकडून दुसऱ्या व चौथ्या जागी बसवितात. निश्चित जागा पुस्तिकेत दिलेली असते. एकच पट्टी लावून पाहणे व मग तिच्या जागी दुसरी लावणे, यांतून सदोष पट्टी ओळखता येते. डीडीआर५ स्मृती असलेले यंत्र पहिल्या प्रारंभी तिचे कालमापन जुळवून घेते. त्यास कित्येक मिनिटे लागू शकतात व तोपर्यंत पडदा काळाच राहतो. या अवधीत यंत्र बिघडले असे समजून वीज तोडल्यास ही क्रिया पुन्हा आरंभापासून करावी लागते. अशा यंत्रास दहा-पंधरा मिनिटे द्यावीत.

मदरबोर्डातील बायोसची आवृत्ती प्रोसेसरच्या पूर्वीची असेल, तर दोन्ही भाग निर्दोष असूनही यंत्र चालत नाही. एएमडीच्या २०१६ पासूनच्या एकाच सॉकेटात अनेक पिढ्यांचे प्रोसेसर बसत गेल्याने हा अनुभव पुष्कळांस आला. काही मदरबोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस नवा करण्याची सोय असते. बायोसमधील नोंदी विस्कटल्याचा संशय असल्यास वीज पूर्णपणे काढून ३ व्होल्टचा नाण्यासारखा घट काही मिनिटे बाजूला ठेवतात किंवा पुस्तिकेत दाखविलेल्या दोन पिना जोडतात. यामुळे नोंदी मूळ स्थितीस येतात.

स्वपरीक्षा कोठे अडली हे यंत्र स्वतःही सांगते. आय. बी. एम.च्या मूळ यंत्रापासून बीप आवाजांच्या संख्येने व लांबीने दोष दर्शविण्याची पद्धत आहे. अलीकडील पुष्कळ मदरबोर्डांवर त्याऐवजी प्रोसेसर, रॅम, चित्रमंडल व साठवण यांसाठी चार लहान दिवे असतात आणि जो दिवा पेटून राहतो, त्या भागाशी परीक्षा थांबलेली असते. तथापि दिवा भागाकडे निर्देश करतो, कारणाकडे नव्हे. रॅमचा दिवा नीट न बसलेल्या पट्टीमुळे, सॉकेटातील वाकलेल्या पिनेमुळे किंवा अतिघट्ट आवळलेल्या शीतकामुळेही लागू शकतो.

किमान जुळणी : वरील तपासणीने दोष न सापडल्यास यंत्र किमान अवस्थेस आणतात. एसएमपीएस, मदरबोर्ड, प्रोसेसर व त्याचा शीतक, रॅमची एक पट्टी आणि प्रोसेसरमध्ये चित्रमंडल नसेल तर चित्रकार्ड, एवढेच भाग ठेवून बाकी सर्व काढतात. डिस्क नसतानाही स्वपरीक्षेपर्यंत यंत्र गेले पाहिजे. एवढ्यावर ते चालले, तर काढलेले भाग एकेक करून जोडतात व प्रत्येक वेळी यंत्र सुरू करून पाहतात. ज्या भागाबरोबर दोष परततो, तो भाग अथवा त्याची जोडणी कारणीभूत असते. एका वेळी एकच बदल करणे हा या पद्धतीचा गाभा आहे. दोन बदल एकदम केल्यास यंत्र सुरू झाले, तरी कोणत्या बदलाने सुरू झाले हे कळत नाही आणि दोष पुन्हा उद्भवल्यास सर्व श्रम नव्याने करावे लागतात. केलेला प्रत्येक बदल व त्याचा परिणाम कागदावर नोंदवून ठेवणे उपयुक्त असते.

वीजपुरवठा, भूयोजन व हवामान : यंत्र निर्दोष असूनही परिसरातील परिस्थितीमुळे ते सुरू न होण्याचा संभव ग्रामीण भागात अधिक असतो. घरगुती २३० व्होल्टच्या पुरवठ्यात नियमानुसार सहा टक्के चढउतार (सु. २१६ ते २४४ व्होल्ट) मान्य आहे, परंतु लांब वाहिनीच्या टोकाला शेतीपंप चालू असताना दाब याहून बराच खाली जाऊ शकतो. बहुतेक आधुनिक एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टच्या पल्ल्यात चालतात व त्यांना कमी दाबाचा विशेष उपद्रव होत नाही. अरुंद पल्ल्याच्या स्वस्त पेट्या मात्र सायंकाळी सुरू होत नाहीत आणि पहाटे होतात. दिवसाच्या वेळेनुसार बदलणारा दोष आढळल्यास भाग बदलण्यापूर्वी सॉकेटातील दाब दोन-तीन वेळा मोजावा. अधिक घातक प्रकार म्हणजे त्रिकला वाहिनीतील तटस्थ तार तुटणे. दोन कलांमधील दाब सुमारे ४०० व्होल्ट असल्याने अशा वेळी काही घरांत २३० व्होल्टहून फार जास्त दाब येतो व एसएमपीएस क्षणात जळते.

भारनियमनामुळे संगणक बहुधा यूपीएस किंवा घरातील इन्व्हर्टरवर जोडतात. ६०० व्होल्ट-अँपिअर क्षमतेच्या सामान्य यूपीएसची प्रत्यक्ष शक्ती सुमारे ३६० वॉट असते. मोठे चित्रकार्ड असलेले यंत्र तिच्यापलीकडे जाऊ शकते व यूपीएस बंद पडते. काही इन्व्हर्टर ज्यावक्रीय तरंगाऐवजी चौकोनी तरंग देतात आणि शक्तिगुणक सुधारणाऱ्या काही एसएमपीएस त्यावर नीट चालत नाहीत. म्हणून पहिली चाचणी यूपीएस व इन्व्हर्टर वगळून थेट सॉकेटावर घ्यावी.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटणे ही तक्रार अनेक घरांत ऐकू येते. एसएमपीएसच्या प्रवेशस्थानी गोंगाट गाळणारी दोन लहान धारित्रे दोन्ही तारांपासून पत्र्याला जोडलेली असतात. भूयोजनाची तार तुटलेली असली, तर पत्र्यावर पुरवठ्याच्या जवळजवळ निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट दाब येतो. प्रवाह अत्यल्प असल्याने तो सहसा जाणवण्यापुरताच असतो. ही स्थिती यंत्रातील दोष नसून सॉकेटाच्या तिसऱ्या छिद्रामागे भूयोजन नसल्याची खूण होय. मराठवाड्यातील काळी मृदा सुकल्यावर आकसते व तिला भेगा पडतात, त्यामुळे उन्हाळ्यात जमिनीतील विद्युत् अग्राचा मातीशी स्पर्श कमी होऊन भूयोजनाचा रोध वाढतो. अग्राभोवती कोळसा व मीठ यांचे थर घालण्याची व उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी सोडण्याची जुनी पद्धत याच कारणासाठी आहे. भूयोजनाविषयीची भारतीय संहिता आयएस ३०४३ या क्रमांकाने प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यातील दुपारच्या कोरड्या हवेत स्थिर विद्युत् भारही सहज साचतो. म्हणून त्या दिवसांत जुळणी सकाळी करणे व वर सांगितलेली दक्षता काटेकोर पाळणे इष्ट ठरते.

भाग सदोष ठरविणे : एखादा भाग सदोष आहे असा निर्णय दोन प्रकारच्या पुराव्यांवर आधारलेला असावा : तो भाग दुसऱ्या चालू यंत्रात चालत नाही आणि त्याच्या जागी दुसरा चालू भाग लावल्यास मूळ यंत्र चालते. यांपैकी एकच पुरावा मिळाला, तर निष्कर्ष संभाव्य राहतो. गावातील शाळा, संगणक केंद्र किंवा परिचिताचे यंत्र यांतून रॅमची पट्टी अथवा एसएमपीएस तासभर उसनी मिळाल्यास ही परीक्षा घेता येते. मात्र संशयित एसएमपीएस दुसऱ्याच्या चालू यंत्रास लावू नये, कारण तिच्या दाबातील दोष त्या यंत्रासही मारक ठरू शकतो. तिच्या बाबतीत मापन किंवा उलट दिशेची परीक्षा, म्हणजे चांगली एसएमपीएस संशयित यंत्रास लावणे, हाच सुरक्षित मार्ग होय. भाग परत पाठविताना मोजलेले दाब, पेटलेला दिवा व केलेल्या चाचण्या यांची नोंद सोबत दिल्यास विक्रेत्यास दोषाची खात्री करून घेणे सोपे जाते. सॉकेटातील पिना वाकलेल्या असल्यास किंवा शिक्का तोडलेला असल्यास हमी बहुधा नाकारली जाते. म्हणून भाग बसविण्यापूर्वी सॉकेटाचे छायाचित्र घेऊन ठेवणे हितावह असते.